कोणी कोणाला आणायचं

"संकट आलं तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?" असं मला अनुपमाने विचारलं तेव्हा माझ्या हातात अर्धा साफ केलेला बांगडा होता.

"कसलं संकट?" मी म्हटलं. "पाण्याचं की पाहुण्यांचं?"

"नाही हो मावशी. म्हणजे विषारी वायू सुटला, भोपाळला झालं तसं. किंवा बॉम्ब पडला. किंवा मोठी आग."

"आधी स्टो बंद करीन. मग बांगडा झाकून ठेवीन. मांजर टपलेलंच असतं."

पोरीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. बांगडा, मांजर, सगळं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी बोलतेय, पण माझं बोलणं कोणी कागदावर उतरवून घेतलं नव्हतं. उलट बस कर म्हणणारेच जास्त.

ही पंच्याऐंशी सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. घाटकोपरच्या टेकडीवर आमच्या दोन चाळी, एक वरची, एक खालची, मध्ये साठ पायऱ्या. दोन्हींत माणसं एकाच गावची, मालवणच्या बाजूची. टेकडीवरून ट्रॉम्बेकडची धुराडी दिसायची, आणि भोपाळ झाल्यापासून त्या धुराड्यांकडे सगळेच जरा वाकड्या नजरेने बघायचे. अनुपमा अंधेरीच्या एका संशोधन संस्थेतली. वय तिशीचं, राहायला मुलुंडला, चष्मा, खांद्याला झोळी, बोलणं एकदम पुस्तकी. दिल्लीच्या सरकारने तिला तीन वर्षांसाठी पैसे दिले होते. कशासाठी, तर देशावर किंवा शहरावर संकट आलं की साधी माणसं कशी वागतात आणि त्यांना शिकवलं तर सुधारतात का, हे शोधायला. मी म्हटलं, सरकारला पैसे फारच झालेले दिसतात.

तिचा शेवटचा प्रश्न होता, "संकटात तुम्ही कोणाला हाक माराल?"

"कोणाला नाही," मी म्हटलं. "लिही. नवरा गेला त्याला पाच वर्षं झाली. मुलगा बहारीनला. आणि खालच्या चाळीत माझी जाऊ आहे, सुगंधा, तिच्याशी माझं बोलणं नाही."

"का?"

"हे तुझ्या कागदावर आहे का?"

"नाही."

"मग नको विचारू."

कारण सांगण्यासारखं नव्हतंच. दीड वर्षापूर्वी आमच्या गावच्या धोंडूच्या पोरीच्या लग्नात, पंगत वाढता वाढता, सुगंधा चारचौघींत म्हणाली होती, "अनंत काय पैशासाठी नाही गेला परदेशी. वयनीच्या तोंडाला कंटाळून गेला." मी हातातली आमटीची बादली तिथेच ठेवली आणि घरी आले. त्या दिवसापासून सुगंधा मला मेली. पण वाक्य काही मेलं नाही. रोज सकाळी स्टोशी बसलं की ते आठवायचं. खोटं असतं तर विसरले असते.

अनंत माझा एकुलता एक. तिथे वेल्डर आहे. पत्र यायला पंधरा दिवस, जायला पंधरा दिवस. महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता तो पायथ्याशी रतनशेठच्या दुकानात फोन करायचा. रतनशेठ कोणालातरी वर पिटाळायचा, मी धावत खाली पोचेपर्यंत लाइन कट. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा रतनशेठने फोन खाली ठेवून दिला होता, गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून. मी त्याला दुकानात उभं राहून जे काही ऐकवलं ते गिऱ्हाईक अजून विसरलं नसेल. त्यानंतर रतनशेठने आमचे फोन घेणं बंदच केलं. थोडक्यात, दोन वर्षं मी माझ्या पोराचा आवाज ऐकला नव्हता.

अनुपमाने पहिली कवायत घेतली ती त्याच महिन्यात. हाताने फिरवायचा एक भोंगा आणला होता. तो वाजला की ओला फडका नाकाला लावायचा, स्टो बंद करायचा आणि दोन्ही चाळींनी पायथ्याच्या शाळेच्या मैदानावर जमायचं. ती घड्याळ लावून उभी. भोंगा वाजला आणि आमच्या चाळीतले भाऊ, वय ऐंशी, कंबरेतून गेलेले, खाटेवरून ओरडले, "माझा डबा खंय? टोपी खंय?" गिरणीतून सुटून त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण भोंगा म्हणजे पाळी, एवढंच त्यांना ठाऊक. बायका म्हणाल्या आधी भात उतरवू. पुरुष म्हणाले आधी बघू खरंच काही झालंय का. वरच्या चाळीला मैदानावर यायला बेचाळीस मिनिटं लागली, खालच्या चाळीला चाळीस. भाऊ तर आलेच नाहीत. त्यांना कोणी आणलंच नाही.

"वाट लागली म्हणायची," मी म्हटलं.

"नाही मावशी, छान!" अनुपमा खूश. "आता सुधारायला जागा आहे."

मग तिने सांगितलं की खालच्या चाळीला शिकवणार, तिथे समिती नेमणार, आणि संकटात कळवायला तिथे फोन बसवणार. लोक दहा-दहा वर्षं फोनसाठी नंबर लावून बसायचे, पण सरकारी कागद असल्यामुळे हा दोन महिन्यांत येणार होता. आणि कुठे बसणार, तर सुगंधाच्या दारासमोर, गॅलरीत.

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला काहीच नाही. म्हणजे तसंच ठेवायचं असतं. तुलनेसाठी." माझा चेहरा बघून ती घाईघाईने म्हणाली, "हे बघा, एका पिठात सोडा घालायचा, एका पिठात नाही. मग बघायचं, कुठला वडा फुगतो."

"म्हणजे आम्ही बिनसोड्याचे."

"तसं नका हो म्हणू. खालची चाळ खूप सुधारली आणि वरची तशीच राहिली, की दिल्लीला पटेल. मग टेकडीवरच्या प्रत्येक चाळीला फोन मिळेल. मी तसं लिहूनच दिलंय. फक्त तोवर खालच्या सोयी वरच्यांनी वापरायच्या नाहीत."

मी रात्रभर विचार केला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. सुगंधाच्या फोनला मी मरेपर्यंत हात लावणार नव्हते, पण आमच्या चाळीत आमचा फोन आला तर अनंत थेट माझ्या दारात बोलला असता. त्यासाठी एकच करायचं होतं, आम्ही ढ राहायचं होतं. मी घरोघर जाऊन बजावलं, काही शिकू नका. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटलं, की सुगंधाच्या चाळीने बाजी मारावी.

पण आमची माणसं कसली ऐकतात! अनुपमाची शिकवणी भरायची गावकीच्या खोलीत. खोली खालच्या चाळीत, पण मालकी अख्ख्या गावाची, आणि रविवारी गावकीच्या सभेला दोन्हीकडचे पुरुष तिथेच बसलेले असायचे. सभा संपली की ती यायची आणि हे तसेच बसून राहायचे. तिला काय कळणार वरचा कोण, खालचा कोण? सगळे परब नाहीतर गावडे, सगळे बनियनवर. घरी आले की बायकांना शिकवायचे. वारा कुठला ते बघायला दोरीवर चिंधी बांधायची. वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, आडवं पळायचं. डिसेंबरापर्यंत आमच्या चाळीत प्रत्येक दारात एक चिंधी फडफडत होती. अनुपमा यायची असली की मी पुढे जाऊन सगळ्या चिंध्या सोडायचे. ती गेली की लोक परत बांधायचे.

फोन जानेवारीत लागला. काळा, लाकडी पेटीत, कुलूप लावलेला. बाहेरून आलेला घेता यायचा, आपण करायचा तर किल्ली समितीच्या धाकूकडे. हे मला लोकांनी सांगितलं, मी काही बघायला गेले नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी चपात्या लाटत होते तेव्हा धाकू धापा टाकत दारात आला. म्हणाला, "वयनी, सुगंधावयनी बोलावतेय, लवकर..."

"तिचं नाव माझ्या दारात काढायचं नाही."

"अगो पण ऐक तर..."

"माका काय्येक ऐकूचां नाय!"

तो गेला. पाच मिनिटांनी परत आला. मी लाटणं दाखवलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी दार लावून घेतलं. धाकू बाहेर थोडा वेळ उभा राहिला आणि कपाळाला हात लावून निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटची कवायत ठरली मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला. दिल्लीहून चंद्रप्रकाश नावाचे साहेब बघायला येणार होते. सफारी सूट, हातात जाड फाइल. पुढची दोन वर्षं पैसे द्यायचे की नाही ते हेच ठरवणार. अनुपमाच्या तोंडचं पाणी पळालेलं. मी आदल्या संध्याकाळी चाळभर फिरून सगळ्यांना पुन्हा शपथा घातल्या. भोंगा वाजला की बसून राहायचं. अर्ध्या तासाने निघायचं. रमत गमत. सगळ्यांनी माना डोलावल्या, फोन सगळ्यांनाच हवा होता.

भोंगा वाजला. मी उंबऱ्यावर कांदा चिरत बसले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. एक माणूस हलला नाही. कोणी पेपर वाचतंय, कोणी केस विंचरतंय. भाऊंनी टोपी मागितली तेवढंच. तीन मिनिटं झाली, चार झाली. झकास चाललं होतं. मला तर आमच्या गॅलरीत फोनची पेटी कुठे ठोकायची तेही दिसायला लागलं होतं.

आणि पायऱ्यांवर धडधड ऐकू आली. खालची चाळ मैदानाकडे उतरायच्या ऐवजी वर येत होती! पंधरा-वीस माणसं, नाकाला ओले फडके, डोळे तेवढे दिसतायत. पुढे धाकू, डोक्यावर खुर्ची घेऊन, आणि बरोबर आणखी दोघे. ते तिघे थेट भाऊंच्या खोलीत शिरले, भाऊंना खुर्चीत बसवलं, धोतराने बांधलं आणि उचललं. बाकीचे ज्याच्या त्याच्या दारात गेले. माझ्या दारात एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. फडका होता, पण त्या कमरेवरच्या हातांवरून मी ओळखली.

"हयसर कित्याक बसलंस? ऊठ!"

दोन वर्षांनी ऐकलेलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, "तू जा. मी बसणार. आमचं ठरलंय."

"तुझां नाव माझ्या कागदार आसा." तिने चोळीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. समितीचा छापील कागद होता. वर लिहिलं होतं, 'कोणी कोणाला आणायचं'. खाली सुगंधाच्या वेड्यावाकड्या अक्षरात एकच नाव. रुक्मिणी मार्तंड परब. "तुका घेतल्याशिवाय मी उतरूचंय नाय. खोटा भोंगा असो नाहीतर खरो."

"कधी लिहिलंस हे?"

"ऑक्टोबरात."

ऑक्टोबरात मी हिच्या नावाने बोटं मोडत होते. कांदा तसाच राहिला. तिने माझा हात धरला, दुसऱ्या हाताने माझा स्टो बंद केला आणि बांगड्यांच्या पातेल्यावर झाकण घातलं. आम्ही निघालो तशी अख्खी वरची चाळ निघाली. आपल्या माणसांनी हाताला धरल्यावर कोण बसून राहणार? पायऱ्यांवर भाऊंची खुर्ची पुढे, आणि मागे सगळं गाव. तेरा मिनिटांत आम्ही मैदानावर होतो.

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बहुत अच्छे. अब ऊपरवाले इधर, नीचेवाले उधर."

कोणी हललं नाही. भाऊंना धरलेले तिघे खालचे, भाऊ वरचे, आता खुर्ची तोडायची का? धाकू म्हणाला, "साहब, गाँव तो एकीच है."

साहेबांनी अनुपमाकडे बघितलं. अनुपमाने धाकूकडून कागदांचा गठ्ठा घेतला आणि उभ्या उभ्या चाळला. आडनावं सगळी सारखी, त्यामुळे इतके महिने तिच्या लक्षात आलं नव्हतं. खालच्या चाळीतल्या अर्ध्याअधिक माणसांनी वरच्या चाळीतली नावं लिहिली होती. "मी घरातल्या माणसांची नावं लिहायला सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली.

"नाय बाय," धाकू म्हणाला. "तुम्ही म्हणालात, ज्यांना आणल्याशिवाय तुमचा पाय निघणार नाही त्यांची नावं लिहा. मग आम्ही लिहिली."

साहेबांनी फाइल मिटली. इकडे तेरा मिनिटं, तिकडेही तेरा, मग फरक काय राहिला? शून्य. शिकवून उपयोग झाला हे दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. योजना मार्चअखेर बंद, आणि फोन काढून न्यायचा. बाकीच्या चाळींचा तर प्रश्नच नाही.

माझं डोकंच फिरलं. माझं हिंदी तुम्हाला सांगायला नको. "साहब," मी म्हटलं, "बेचाळीस का तेरा हुआ, वो दिखता नहीं? वो बुढ्ढा पिछले टाइम खाटपेच पडा था, कोई लाया नहीं. आज राजा के माफिक आया. वो तुम्हारे कागद में किधर लिखने का?" साहेब काहीतरी नमुना, तुलना असं बोलायला लागले. "तुम्हारा तुलना गया चुलीत!" मी म्हटलं. भाऊंनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या.

साहेब कसनुसं हसले आणि गाडीकडे गेले. पण गाडीत बसायच्या आधी परत आले आणि भाऊंच्या खुर्चीला बांधलेलं धोतर निरखून बघितलं, काहीतरी टिपून घेतलं. दिल्लीला पोचल्यावर त्यांचं मन बदलेल का, ते अनुपमालाही सांगता येईना. ती शाळेच्या पायरीवर बसली होती, चष्मा काढून. मी जवळ गेले. तिची वाट लावायला माझाही हात लागला होता, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं, चिंध्या, शपथा, ढ राहायचा बेत.

ती हसायला लागली, रडता रडता. "म्हणजे तुम्ही सगळं शिकलात आणि माझ्यापासून लपवलंत?"

"हो गं पोरी. फोन पाहिजे होता."

तेवढ्यात सुगंधा आली. "अकरा वाजत इले. चल."

"खंय?"

"फोनार. तुज्या झिलाचो फोन येतलो."

झिलाचो, म्हणजे माझ्या मुलाचा, अनंतचा! तिने नवा फोन लागला त्याच दिवशी अनंतला पत्र टाकून नंबर कळवला होता. गेल्या महिन्यात त्याने फोन केला, आणि धाकू तीन वेळा मला बोलवायला आला होता. फोनचं नाव मोठ्याने काढायची त्याला भीती, वरच्यांनी वापरायचा नाही असा नियम होता ना. आणि मी त्याला एकदाही वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. माझं पोर तिकडे फोन धरून उभं होतं, आणि मी इकडे लाटणं दाखवत होते.

मी अनुपमाकडे बघितलं. नियम तिचाच होता.

"जा ना मावशी!" ती ओरडली. "धावा!"

मी धावले. बावन्न वर्षांची बाई, पदर सुटलेला, मागे सुगंधा, तिच्यामागे धाकू, आणि सगळ्यांच्या मागे झोळी सावरत अनुपमा. आम्ही गॅलरीत पोचलो आणि फोन वाजला. सुगंधाने उचलून माझ्या कानाला लावला.

"काकी? आई आली का गं?"

आवाज जाड झाला होता. जाताना असा नव्हता. मी रिसीव्हर कानावर आणखी दाबला. सुगंधाने मला कोपर मारलं. "बोल! मिनटां चलली!"

आणि इतक्या महिन्यांत काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं सोडून माझ्या तोंडून तेच निघालं. "अनंता, तू माझ्या तोंडाला कंटाळून गेलास काय रे?"

लाइनीच्या खरखरीतून तो म्हणाला, "कोण म्हणालं तुला असं?"

सुगंधा शेजारीच होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण तिने मान खाली घातली आणि कठड्याचा रंग नखाने खरवडायला लागली.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मीच विचारतेय."

"आई, इथे आम्ही अकराजण एका खोलीत राहतो. सगळे एकमेकांशी गोड बोलतात. अडीच वर्षं झाली, मला कोणी ओरडलेलं नाही. थोडी ओरड ना."

"पैसे जातायत तुझे."

"जाऊ देत. ओरड."

मी पदर खोचला, फोन दोन्ही हातांनी धरला आणि सुरू झाले. "मेल्या, चार ओळींचं पत्र पाठवतोस ते काय तार समजतोस काय रे? आणि फोटोत ती दाढी कसली वाढवलीयस..."